स्पेन एकटीने

मी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी एकटी स्पेनला गेले, ती मुख्यतः सुनेचं पडलेलं तोंड बघायला मिळावं म्हणून. नातीला सांभाळायला मुलाने मला इथे आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत आणलं होतं. नात वाढली, कानात इयरफोन घालून फिरायला लागली, आणि मी घरातल्या जुन्या मिक्सरसारखी झाले. चालतो म्हणून टाकवत नाही, एवढंच. शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला होता, त्यामुळे एकदा जेवायला आलेल्या मंडळींसमोर म्हटलं, मला स्पेन बघायचंय. सून बिर्याणी वाढता वाढता म्हणाली, "आई, तुम्हाला एकटीला एअरपोर्टवरचं टॉयलेट तरी सापडेल का?" सगळे हसले. माझा मुलगाही हसला, आणि ते मला जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशीच मी व्हिसाच्या मागे लागले.

मुलगा म्हणाला, "ग्रुप टूर घे ना आई. लीडर असतो, पोळी-भाजी मिळते." मी म्हटलं, पोळी-भाजी खायला मला शेजारच्या मुसाफ्फापर्यंतसुद्धा जावं लागत नाही.

माद्रिदमध्ये पहिल्या संध्याकाळी वेटरने मला एक शब्द विचारला, "सोला?" एकटी? मी मान डोलावल्यावर त्याने समोरचा दुसरा ग्लास उचलून नेला. लागलं मला ते. पण तिसऱ्या-चौथ्या जेवणापासून मीच बसल्या बसल्या तो ग्लास कडेला सारायला लागले. तिथे माझ्या वयाच्या बायका लिपस्टिक लावून भर सकाळी एकट्या बिअर पीत बसतात आणि कोणी त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. मी त्यांच्याकडे टक लावून बघायची. सेव्हिलमध्ये दुपारी सगळी दुकानं बंद, माणसं उन्हाला घाबरून घरात. मी आखातातून आलेली बाई, मला त्या उन्हाचं काय कौतुक? रिकाम्या गल्ल्यांतून मी मालकिणीसारखी फिरले. इतकी खूश मी नवरा असतानाही कधी नव्हते, आणि हे लिहिताना मला काही वाटत नाही.

ग्रानादात चढ चढून गुडघा सुजला आणि ताप भरला. हॉटेलच्या खोलीत पाणी, मीठ, साखर आणि पॅरासिटामॉलवर पडून राहिले. घरून व्हिडिओ कॉल आला की उठायचं, लिपस्टिक लावायची आणि खिडकी दिसेल अशी खुर्चीत बसायचं. "काय मस्त हवा आहे रे," म्हणायचं आणि फोन ठेवून पुन्हा कुडकुडत पडायचं. ताप उतरल्यावर अल्हांब्राचा राजवाडा बघितला, अर्धाच. तिथे ठाण्याचा एक ग्रुप भेटला. त्यातल्या एका बाईने डोळ्यांत अगदी दया आणून विचारलं, "बरोबर कोणीच नाही का हो तुमच्या?" मी म्हटलं, "आहेत ना, घरी ठेवून आले." तिचा चेहरा पडलेला बघून ताप आणखी जरा उतरला.

परत आल्यावर शनिवारी तीच मंडळी जेवायला होती. मी सगळं सांगितलं, आणि आता तापाचंही सांगितलं, तिखटमीठ लावून. टाळ्या पडल्या. सून म्हणाली, "आम्हाला एका शब्दाने कळवलं नाहीत."

"कळवून तुम्ही काय करणार होता?" मी म्हटलं. "माझं मी निभावलं." तिचं तोंड बघितलं. विमानभाडं वसूल झालं.

पुढच्याच आठवड्यात नाश्त्याला मी थालीपीठं लावली होती. मुलगा ताटात बघत म्हणाला, "आई, तुझा इथला व्हिसा संपत आलाय. रिन्यू करायचा, की… म्हणजे स्पेनमध्ये तू सगळं एकटीने मॅनेज केलंस. पुण्याचा फ्लॅट रिकामाच आहे. तुला कुठे बरं वाटेल?"

मला इथे राहायचं होतं. माझं आता दुसरं कोण आहे? पण आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नाही. ताटावर हात आडवा धरायचा, पण बोटं फाकवून, म्हणजे हवंय ते वाढणाऱ्याला कळतं. शेजारच्या काकूंनी लाडू पुढे केला की आधी नको म्हणायचं, हे मी या मुलाला तो बोलायला लागल्यापासून शिकवलं होतं. त्या सवयीने मी म्हणाले, "माझं काय रे, मी कुठेही राहीन. माझ्यामुळे तुमची अडचण नको." आणि वाट बघितली. आता तो म्हणेल, अडचण कसली आई, काहीतरीच काय बोलतेस.

सून टोस्टला लोणी लावत होती. ते तिने अगदी कडेपर्यंत लावलं.

"खलास मग," मुलगा म्हणाला, म्हणजे इथल्या अरबीत ठरलं. "मी तिकीट बघतो."

नातीने एक इयरफोन काढला. "डॅड, कॅन आय हॅव हर रूम?"

"खाताना बोलू नये," तो तिला म्हणाला.

मला वाटलं, इथे राहून तो आपल्या रीती विसरला असेल. मग माझं ताट रिकामं दिसलं म्हणून त्याने डब्यातलं थालीपीठ उचललं. "घे आई, अजून एक." मी नको म्हटलं. "अगं घे गं, काही खाल्लंच नाहीयेस तू." मी ताटावर हात आडवा धरला, बोटं घट्ट जुळवून. त्याने तो हात प्रेमाने बाजूला केला आणि वाढलंच.