कपाटावरची खोकी

मस्कतच्या सीब विमानतळावर आमच्या मुलीला, मित्राला, सोडायला गेलो तेव्हा मी रडले नाही. आमच्याबरोबर आलेल्या शेजारच्या वानखेडे वहिनी मात्र डोळ्यांना रुमाल लावून उभ्या होत्या, जणू मुलगी त्यांचीच. मी मित्राला सांगत होते, "पासपोर्ट हातात धरू नकोस, आतल्या कप्प्यात ठेव. आणि परत यायची तारीख लक्षात ठेव."

"आई, मी अजून गेले पण नाही," ती म्हणाली.

मित्रा म्हणजे संघमित्रा, आमची एकुलती एक. अठरा वर्षांची होती आणि कायदा शिकायला वेल्सला निघाली होती. वानखेडे वहिनी सगळ्यांना सांगत होत्या की लंडनला निघालीय. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

परत यायची तारीख सांगणं ही माझी सवय नव्हे, ते माझं कामच आहे. रुवीत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या ऑफिसात मी कामगारांचे पासपोर्ट आणि रेसिडेन्स, म्हणजे राहण्याचे परवाने, सांभाळते. ओमानबाहेर सलग सहा महिने राहिलं की रेसिडेन्स रद्द. रत्नागिरीला आईच्या आजारपणात अडकलेला सुतार असो की सुट्टी वाढवून घेतलेला इंजिनिअर, नियम एकच. अशा कितीजणांना मी फोन करून सांगितलंय, "या, नाहीतर खलास." त्यामुळे माझ्या मुलीला सही करायला शिकवण्याआधी मी हा नियम शिकवला होता.

आम्ही स्वतः निघालो ते ब्याण्णव साली, भुसावळहून. प्रकाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ओमानमधल्या इब्रीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरची नोकरी मिळाली होती. मित्रा चार वर्षांची, माझ्या कडेवर झोपलेली. माझे वडील रेल्वेच्या लोको शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. प्लॅटफॉर्मवर त्यांनी प्रकाशला इंजिनाच्या आवाजात ओरडून सांगितलं, "दोन वर्षं म्हणालात. दोनच!" प्रकाशने मान हलवली. माझ्याकडे बघून वडील म्हणाले, "तू लक्ष ठेव." मी लक्ष ठेवलं. दोन वर्षांची आठ झाली, आठाची चौदा, आणि माझं लक्ष होतंच.

इब्रीच्या बाजारात आम्ही पहिली वस्तू घेतली ती मिक्सर. दुकानदार केरळचा. त्याने मिक्सर बाहेर काढून फिरवून दाखवला, परत थर्मोकोलमध्ये बसवला आणि म्हणाला, "खोका फेकना मत, भाभी. जाते टाइम काम आएगा." बाजारातून घरी येईपर्यंत मी ते खोकं मांडीवर धरून बसले होते. ते कपाटावर चढलं आणि तिथेच राहिलं.

आखातात राहिलेल्यांना हे सांगायला नको. भुसावळच्यांना सांगते. इथे प्रत्येक घरात कपाटावर खोकी असतात. टीव्हीचं, इस्त्रीचं, व्हीसीआरचं, सगळी थर्मोकोलसकट, कारण एक दिवस सगळं बांधून न्यायचं असतं. मित्राच्या शाळेसाठी आम्ही इब्रीहून मस्कतला, रुवीच्या शेजारच्या हमरियात आलो, तेव्हा सामानापेक्षा खोकीच जास्त होती. त्या फ्लॅटमध्ये मी भिंतीला एकच खिळा ठोकू दिला, बाबासाहेबांच्या तसबिरीसाठी. पडदे शिवून घेतले नाहीत, जुन्या चादरी लावल्या. उगाच कशाला, जायचंच आहे.

दरवर्षी जुलैत आम्ही भुसावळला जायचो. आठ दिवस बरं वाटायचं. नवव्या दिवशी मी मस्कतचं परतीचं तिकीट बघायला लागायची. मस्कतला आलं की महिन्याभरात पुन्हा भुसावळचे बेत. शुक्रवारी गाडी काढून बरक्याला मासळी आणायला गेलो तरी तिथे पोचल्यावर मी घड्याळ बघायची. प्रकाश म्हणायचा, "तुला कुठे जायचंय ते एकदा ठरव." मला ते ठरवता आलं नाही. मला फक्त तयार राहता यायचं.

मित्रा या खोक्यांखाली वाढली. शाळेत मैत्रिणींशी इंग्रजी, ड्रायव्हरशी हिंदी, घरात आमच्याशी मराठी, तेही मध्येमध्ये थांबत. माझी धाकटी बहीण शोभा म्हणायची, "हिचं मराठी म्हणजे खडीवरून सायकल." वाचायला दिलं तर अक्षर अक्षर लावायची. शुक्रवारच्या बुद्धवंदनेला सगळ्यांबरोबर पाठ म्हणायची, पण नंतर कोणी दोन शब्द बोलायला सांगितलं की पाणी प्यायला उठायची.

तिने कायदा निवडला तेव्हा घरात वाद झाला नाही. भिंतीवरच्या एकुलत्या खिळ्यावर ज्यांची तसबीर होती, ते स्वतः परदेशात जाऊन कायदा शिकून आले होते. माझ्या वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "कायदा ना? मग जाऊ दे. तिला दोन वर्षांची अट नको."

पहिल्या वर्षाच्या अखेरीला मित्राचा फोन आला. "आई, मी सब्जेक्ट ॲड केलाय. लॉ विथ वेल्श."

"वेल्श काय?"

"भाषा. इथली. अगदी पहिल्यापासून शिकवतात, आणि पुढे कायदापण त्या भाषेत घेता येतो."

मी म्हटलं, "तुला मराठीत बाराखडी पूर्ण येत नाही."

"म्हणूनच तर. मला सवय आहे न येणाऱ्या भाषेची."

हे तिने हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. वानखेडे वहिनींनी विचारलं, "त्याला स्कोप काय?" शोभाने भुसावळहून विचारलं, "लंडनला जाऊन खेड्यातली भाषा शिकतेय का ग ती?" प्रकाश तेवढा खूश. तिने शिकवलेलं "बोरे दा", म्हणजे सुप्रभात, तो सकाळी चहा पिताना मला म्हणायला लागला. मी मराठीत सांगायची, चहा निवतोय.

ती सुट्टीत आली तेव्हा मी सरळ विचारलं, हे कशासाठी? तिने सांगितलं की वर्गाला एकदा तिथल्या कोर्टात नेलं होतं. एक म्हातारा शेतकरी साक्षीला उभा राहिला आणि वेल्शमध्ये बोलायला लागला. तसा त्याला हक्कच आहे. ज्यांना कळत नव्हतं त्यांनी कानांना हेडफोन लावले, मागे बसलेला दुभाषी त्यांना इंग्रजीत सांगत होता. "आई, त्या आजोबांना कोणीच थांबवलं नाही. हेडफोन बाकीच्यांनी लावले."

मला एकदम इथलं लेबर ऑफिस आठवलं. आमच्या कंपनीचा एक मालवणकडचा कामगार, पगार अडकलेला. तो मालवणीत पाच मिनिटं बोलला, मी ते हिंदीत केलं, दुभाष्याने अरबीत केलं, आणि साहेबापर्यंत दोन वाक्यं पोचली. तेव्हा घरी कोणी नव्हतं म्हणून मित्रा शाळेच्या युनिफॉर्ममध्ये माझ्या शेजारी बसली होती. मी म्हटलं, "तुला ते आठवलं का?"

"कुठलं?"

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अय्या, मला आठवतच नाही. मला तिथली मॅडम आवडते म्हणून घेतला सब्जेक्ट."

असो. मुलं आपल्या सोयीने शिकत नाहीत.

त्याच सुट्टीत तिने आणखी एक गोष्ट सांगितली. हॉस्टेलवर तिने किटली, टेबल लॅम्प, छोटा पंखा घेतला आणि सगळी खोकी पलंगाखाली रचून ठेवली. शेजारच्या खोलीतली मुलगी आली, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "तू कुठे निघालीयेस का?" मित्रा म्हणाली, "मी म्हटलं, माझी आई असं करते." प्रकाश खोखो हसला. मी म्हटलं, "त्यात काय? बरोबरच केलंस."

खरी अडचण दुसऱ्या वर्षी आली. जानेवारीच्या सुरुवातीला ती मस्कतहून गेली. म्हणजे जुलैच्या सुरुवातीच्या आत तिला एकदा इथे पाऊल ठेवायला हवं होतं. मे महिन्यात तिचा फोन आला. डोंगरातल्या एका लहान गावात एका बाई वकिलांच्या ऑफिसात तिला उन्हाळाभर काम मिळालं होतं. शेतकरी येतात, जमिनीची, मृत्युपत्राची कामं घेऊन, आणि वेल्शमध्येच बोलतात. काम सप्टेंबरपर्यंत.

मी म्हटलं, "छान. परीक्षा आणि काम यांच्यामध्ये आठवडा आहे ना? चार दिवस ये, शिक्का मार, परत जा."

"त्या आठवड्यात भाषेचा कोर्स आहे. एका शेतावर राहायचं, इंग्रजी बोलायचंच नाही. तो केल्याशिवाय मला तिथे काय कळणार?"

"कोर्स पुढे कर."

"आई, प्रत्येक वेळी मी शिक्क्यासाठीच यायचं का?"

"रेसिडेन्स गेला तर तू इथे पाहुणी होशील. व्हिजिट व्हिसा काढावा लागेल. स्वतःच्या घरी यायला!"

ती त्या खडीवरच्या मराठीत म्हणाली, "पाहुणे तर आपण सगळेच आहोत ना तिथे? नाहीतर मग खोकी कोणाची आहेत?"

मी फोन प्रकाशच्या हातात दिला आणि भांडी घासायला गेले. घासलेलीच भांडी घासली.

आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा ओमानी माणूस, सालिम. त्याला कोणाचं काय संपतंय ते तोंडपाठ. जूनमध्ये माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, बिन्त किधर है? टाइम खलास हो रहा है." बिन्त म्हणजे मुलगी. मी म्हटलं, "पढ़ाई है." त्याने हात पसरले. "सब का फोन करता है तुम, अपना बिन्त का नहीं?" मी फोन केला होता. रोज करत होते. ती रोज तेच सांगत होती, आवाज न चढवता, आणि त्यामुळे मला अजून राग येत होता. मधल्या काळात तिने तो शेतावरचा कोर्सही केला. तिथल्या आजीबाईने तिला मेंढ्यांना हाकायचे शब्द शिकवले म्हणे. मी म्हटलं, कोर्टात उपयोगी पडतील.

जुलैतला तो दिवस आला आणि गेला. ऑफिसात एसी बिघडला होता, आम्ही सगळे त्यातच गुंतलेलो. संध्याकाळी घरी आल्यावर मी स्टूल घेतलं आणि कपाटावर हात घातला. व्हीसीआरचं खोकं काढलं. व्हीसीआर पाच वर्षांपूर्वीच भंगारात गेला होता. मग इस्त्रीचं. ती इस्त्रीसुद्धा नव्हती. टीव्हीचं खोकं खालून कुरतडलेलं. प्रकाश दारात उभा राहून म्हणाला, "काय झालं?"

"झुरळं झालीत," मी म्हटलं.

त्याने झुरळ कुठे आहे ते विचारलं नाही. गुपचूप एकेक खोकं खाली कचराकुंडीशी नेऊन ठेवलं. मिक्सरचं मात्र मी ठेवलं. ते कोरं होतं, आणि मिक्सर अजून चालत होता.

डिसेंबरात मित्रा आली, व्हिजिट व्हिसावर. तो अर्ज मीच केला होता, जसा इतरांच्या पाहुण्यांचा करते तसा. विमानतळावर ती पाहुण्यांच्या रांगेतून बाहेर आली. मला वाटलं होतं वाईट वाटेल. ती इतकी भुकेली होती की वाईट वाटायला वेळच मिळाला नाही. घरी आल्यावर खोलीभर नजर फिरवून म्हणाली, "आई, रूम मोठी झाली?"

"खोकी काढली."

"का?"

"झुरळं."

ती बापाकडे बघून हसली. मग जेवताना त्या ऑफिसबद्दल बोलत राहिली. एक शेतकरी तीन पिढ्यांच्या बांधाचं भांडण सांगत होता, तिला निम्मंच कळत होतं, तरी शेवटी तो म्हणाला की तू नीट ऐकतेस. हे सांगताना ती एकदाही पाणी प्यायला उठली नाही. मराठी तसंच अडखळत होतं, पण थांबून शब्द शोधत होती, इंग्रजीकडे पळत नव्हती. एका शब्दाला अडली. मी तो पुरवायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिलाच सापडला.

जायच्या आधी ती म्हणाली, "तिथे दाण्याची चटणी करायला काही नाही." मी उठले, मिक्सर पुसला, खोकं खाली काढलं. सोळा वर्षांनी मिक्सर त्या थर्मोकोलमध्ये असा बसला जसा काल काढलाय. भुसावळला न्यायचं म्हणून जपलेलं खोकं मी चिकटपट्टी लावून वेल्सच्या विमानात चढवलं. या वेळी विमानतळावर परत यायची तारीख मी सांगितली नाही. वानखेडे वहिनी नेहमीप्रमाणे रडल्या.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "आई, प्लग सरळ भिंतीत बसला. ॲडॅप्टर लागला नाही."

मला हे आधी सुचायला हवं होतं. ओमानातला चौकोनी तीन पिनांचा प्लग तिथे तसाच चालतो. भुसावळच्या भिंतीत तो बसलाच नसता. म्हणजे इतकी वर्षं मी जी वस्तू न्यायला जपली, ती तिथे नुसती ठेवायलाच गेली असती.

"आणि खोकं?" मी विचारलं.

"टाकून दिलं. ठेवायचं होतं का?"

"नाही," मी म्हटलं. "बरं केलंस."

आता तुम्ही विचाराल, मग घर कुठलं? मित्राचं मला माहीत आहे: ती जिथे खोकं टाकून देते तिथलं. आमचं अजून ठरायचंय. प्रकाशची नोकरी आहे तोवर हमरिया. गेल्या महिन्यात मी पडदे शिवून घेतले, खालच्या शिंप्याकडून, आणि भिंतीला दुसरा खिळा ठोकला, त्यावर मित्राचा काळ्या कोटातला फोटो आहे. माझा पाय अजून एका जागी टिकत नाही, ते वयाने जाईल असं प्रकाश म्हणतो. वडील आता फोनवर दोन वर्षांचं बोलत नाहीत, पाऊसपाणी विचारतात, आणि मस्कतला पाऊस नसतो हे मी दर वेळी सांगते. भुसावळला जाऊ तेव्हा तिथलाच मिक्सर घेऊ, तिथल्या प्लगचा. आणि खोकं दुकानातच सोडून येईन.