पंपाचे शेअर आणि प्लॉटचा इसार

मी शेअर घेतले ते विहिरी बघून. बहात्तरच्या दुष्काळानंतर पेडगावच्या शिवारात जिकडंतिकडं विहिरी खोदायला लागले होते, आणि ज्याच्या विहिरीला पाणी लागलं तो दुसऱ्या दिवशी परभणीत पंप बघत फिरायचा. दुकानात पंप नसायचे. आगाऊ पैसे भरून लोक वाट बघायचे. मी हायस्कुलात गणित शिकवायचो. माझ्या मनात आलं, पंप बसवायला आपल्याला शेत नाही, पण पंप बनवणाऱ्या कंपनीचा तुकडा घ्यायला कोण अडवतंय? शाळेच्या वाचनालयात मुंबईचं वर्तमानपत्र एक दिवस शिळं होऊन यायचं. त्यातलं भावाचं पान कुणी उघडत नसे, ते मी उघडायला लागलो, आणि पगारातून वाचवून, मुंबईच्या एका दलालाला मनीऑर्डरी करकरून थोडेथोडे शेअर जमवत गेलो.

शाळेत माझी चेष्टा चालायची. इतिहासाचे सर म्हणायचे, "गुरुजी, त्यापेक्षा मटका लावा. निदान आकडा त्याच दिवशी कळतो." मी चिडायचो. माझा स्वभावच तसा, चेष्टा कळते पण सोसत नाही. मटक्यात आकडा निघतो, कंपनीत पंप निघतात, एवढा फरक ज्याला कळत नाही त्यानं पोरांना इतिहास काय शिकवावा, असं मी तोंडावर सुनवायचो.

खरं सांगायचं तर मला त्या धंद्यातली एक गोष्ट नफ्यापेक्षा जास्त आवडली होती. शेअर घेताना मला कुणी जात विचारली नाही. आम्ही छप्पन सालचे बौद्ध. माझे वडील मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचे. परभणीत खोली भाड्यानं मागायला गेलं की घरमालकाचा पहिला प्रश्न 'गाव कोणतं' आणि दुसरा 'आडनाव काय'. तिसऱ्याची गरज पडायची नाही. मुंबईच्या कंपनीनं मात्र माझ्या नावाचं नक्षीदार सर्टिफिकेट रजिस्टर पोस्टानं घरपोच पाठवलं. बायकोनं ते हातात घेऊन खालीवर बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्यात राहायला येतं का?"

तिचं चुकत नव्हतं. आम्ही राहत होतो त्या खोलीसमोर हौद होता, पण त्याला आम्ही हात लावायचा नाही. घरमालकीण तिच्या सवडीनं यायची आणि वरून आमच्या घागरीत पाणी ओतायची. बायको घागर धरून उभी. कधी कधी तासभर. त्यात चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात घरमालकानं सांगितलं, पोराचं लग्न काढलंय, दिवाळीनंतर खोली रिकामी करा. आता आणखी एक खोली, आणखी एकदा आडनाव. बायको म्हणाली, "आता मी कुणाच्या दारात घागर घिऊन उभी राहणार न्हाई. झोपडी असंना का, आपली पायजे."

वसमत रस्त्याच्या अंगाला तहसील कचेरीतल्या एका निवृत्त पेशकारानं आपल्या जमिनीचे प्लॉट पाडले होते. निजामाच्या अमलात नोकरी केलेला माणूस, बोलणं मऊ, अर्धं उर्दू. मी पहिल्याच भेटीत आम्ही कोण ते सांगून टाकलं. नंतर कटकट नको. ते म्हणाले, "मास्तर, मला रकमेशी मतलब. जबान दिली म्हंजे दिली." आम्ही प्लॉट बघायला गेलो तेव्हा कोपऱ्यात आड खोदायला लागले होते. बायको कितीतरी वेळ त्या मातीकडं बघत उभी राहिली. साठवलेलं होतं नव्हतं ते इसार म्हणून दिलं. बाकीची रक्कम दसऱ्यापर्यंत देऊन खरेदीखत करायचं, नाहीतर इसार बुडाला. मला धास्ती नव्हती. शेअर त्या दिवशीच्या भावानं विकले असते तर प्लॉटही झाला असता आणि पायाही भरला असता. तरीपण मी विकले नाहीत. भाव चढत होते. दसऱ्याला अजून लय वेळ होता.

जुलैत वटहुकूम निघाला. शिक्षकांच्या खोलीत रेडिओ लागला होता, त्यावर बातमी आली की कंपन्यांनी ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त लाभांश वाटायचा नाही. महागाई रोखायला. इतिहासाच्या सरांनी मांडीवर थाप मारली. "बरं झालं. भांडवलदारांच्या नरड्याला हात घातला एकदाचा."

"त्यातलं एक नरडं माझं हाय," मी म्हणालो.

सगळे हसले. मी हसलो नाही.

सरकारचा हेतू मला वाईट वाटत नव्हता, हे मी तेव्हाही म्हणायचो. रॉकेलच्या रांगेत मीही उभा राहायचो, गोड्या तेलाचा भाव ऐकून माझेही डोळे पांढरे व्हायचे. पण लाभांश रोखल्यानं ज्वारी स्वस्त कशी होणार, हे गणित मला कुणी फळ्यावर मांडून दाखवावं. बड्या माणसाला दुसऱ्या वाटा असतात. माझ्यासारखा, ज्याची पोरगी लाभांशावर शाळेत जाते, त्याची वाट तेवढी बंद झाली. त्यातच आमच्या वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत कापून घ्यायचं ठरलं. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय?

त्यानंतर मुंबईचा बाजार कोसळला आणि मधे काही दिवस तर बंदच ठेवला. बंद बाजार हा पडलेल्या बाजारापेक्षा वाईट. पडलेल्या बाजारात निदान किती मेलो ते कळतं. मी रोज वाचनालयात जायचो, पान उघडायचो, तिथं काही नसायचं. घरी आलो की बायको विचारायची, "काय म्हणतंय?" मी म्हणायचो, "काही म्हणत न्हाई." मग भाकरी थापताना तिच्या हाताचा आवाज वाढायचा.

बाजार उघडला आणि भाव आणखी खाली आले. माझं डोकं सांगत होतं, विकू नको. पाणी उपसायला बंदी घातली म्हणून विहीर आटत नाही. वाटायचा नफा कंपनीतच पडून राहणार, आणि पंपाची मागणी तर जागच्या जागी होती. लोक घाबरून विकत होते. मोंढ्यात मी हे लहानपणापासून बघितलं होतं. सुगीत गाड्यांची रांग लागली की आडत्या तोंड वाकडं करून भाव पाडतो, आणि ज्याला थांबता येतं तोच कमावतो. वडील पोती उचलता उचलता म्हणायचे, घाईवाल्याचा माल फुकट जातो.

मी बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. कंपनी मजबूत आहे, भाव परत येणार, वर्ष लागेल, फार तर दोन.

"आन दसरा?" ती म्हणाली.

मी परत कंपनीचंच सांगायला लागलो.

"तुमच्या कंपनीचं मला नगा सांगू. जागा जायलीय आपली. रोज थोडीथोडी जायलीय, अन तुमी पेपर बघायलाव."

त्या दिवशी आम्ही कडाक्याचे भांडलो. मी तिला अडाणी म्हणालो, ती मला जुगारी म्हणाली. पोरगी दाराआड जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी भाव आणखी एक पायरी खाली होता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी माझी गत. शेवटी पोस्टात जाऊन दलालाला तार केली, सगळे विका. हस्तांतराच्या कागदांवर सह्या करून सर्टिफिकेटं रजिस्टरनं धाडली. सह्या करताना मला रडू आलं, हे मी तिला सांगितलं नाही.

ड्राफ्ट आला तो शेअरच्या उन्हाळ्यातल्या किमतीच्या निम्माही नव्हता. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढलं. सायकल विकली. बायकोनं स्वतःहून गळ्यातल्या पुतळ्या गहाण टाकायला काढून दिल्या. दसऱ्याच्या आधी रक्कम पुरी झाली. शर्टाच्या आतून फडक्यात बांधून मी ती घेतली आणि आम्ही दोघं पेशकारांना घेऊन रजिस्ट्रीच्या कचेरीत जायला त्यांच्या घरी गेलो. बायकोनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

पेशकार ओसरीवरच बसले होते. त्यांनी बसा म्हटलं, पण टोपी-कोट घालायला उठले नाहीत. मी म्हणालो, "निघायचं ना? कचेरीत गर्दी होईल."

"मास्तर," ते म्हणाले, "सौदा व्हायचा न्हाई."

मला वाटलं त्यांना रकमेची शंका आहे. मी फडकं सोडायला लागलो. "पुरे आणलेत. मोजून घ्या."

"पैशाचा सवाल न्हाई." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "आजूबाजूचे प्लॉट ज्यांनी घेतले, ते सगळे येऊन बसले होते. मास्तर तिथं येत असतील तर आमचे इसार वापस द्या म्हणायलेत. मी एकटा. सगळ्यांचे वापस कुठून देऊ?"

मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. कोर्टाचं बोललो, कायद्याचं बोललो, जबानीचं तर नक्की बोललो. ते ऐकून घेत राहिले. मग आत जाऊन एक रुमालाची गाठ घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली. आपल्याकडं रिवाज आहे, घेणारा फिरला तर इसार बुडतो आणि देणारा फिरला तर इसार दुप्पट करून द्यायचा. त्यांनी दुप्पट आणला होता. पैसा पैसा बरोबर होता. त्या बाबतीत माणूस सचोटीचा होता, आणि तेच मला सोसवत नव्हतं. मी उठलो, ती गाठ तशीच टाकून पायऱ्या उतरायला लागलो.

बायको उठली नाही. तिनं पेशकारांना विचारलं, "आडाला पाणी लागलं का?"

"लागलं, बाई."

"गोडं का खारं?"

"गोडं हाय."

तिनं मान हलवली, रुमालाची गाठ उचलून कमरेला खोचली आणि माझ्या मागनं चालायला लागली.

दिवाळीनंतर आम्ही आमच्याच लोकांच्या वस्तीत एका कुडाच्या खोलीत आलो. फंडाचं कर्ज फेडलं, पुतळ्या सोडवल्या तरी इसाराचे दुप्पट आणि शेअरचे पैसे ट्रंकेत पडून होते. मी त्यांच्याकडं बघतही नव्हतो. एके दिवशी ती म्हणाली, "ते पैशे तुमच्या कंपनीतच टाका. तिथं तरी आपल्याला घ्यायलेत न्हवं?"

मी भाव बघितले. विकताना होते त्याच्याही खाली गेले होते. कुणी हात लावत नव्हतं. मी सगळ्या पैशांचे तेच शेअर घेतले, आणि विकले होते त्यापेक्षा कितीतरी जास्त आले.

पुढं भाव वर आले, बोनस शेअर मिळाले. शाळेतले लोक, अगदी इतिहासाचे सरसुद्धा, माझ्याकडं सल्ला विचारायला यायला लागले. सगळे विचारायचे, "गुरुजी, एवढ्या मंदीत घ्यायची हिंमत कशी झाली?" मी त्यांना विहिरीचं सांगायचो, मोंढ्याचं सांगायचो, लाभांश आणि नफा यातला फरक सांगायचो. ते माना डोलवायचे. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या वर्षी ज्यांच्याकडं चार पैसे होते त्यांनी ते घराच्या पायात घातले होते, आणि माझे ट्रंकेत होते, कारण पाया खणायला मला कुणी जमीन दिली नव्हती. हे मी त्यांना सांगत नसे. त्यांच्यातल्या दोघांची घरं त्याच वसमत रस्त्याच्या प्लॉटांवर होती.