उना आणि लॉर्कन

डब्लिनच्या सँट्री भागातल्या उना डेव्हिटकडे मी २०१० पासून रोज सकाळी केअरर म्हणून जायचे. नव्वदी ओलांडलेली, काटक, फटकळ बाई. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या व्रणांनी भरलेले, जबडा एका बाजूला सरकलेला. मी कधी काही विचारलं नव्हतं. एकदा हातांना साबण लावत असताना तिनंच सांगायला सुरुवात केली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती इंग्लंडमध्ये लष्कराची विमानं पोचवायची. कारखान्यातलं नवं विमान तळावर न्यायचं, मोडकं दुरुस्तीला आणायचं. पुरुष लढाईवर गेलेले, म्हणून हे काम बायकांकडेही आलं. विमानात रेडिओ नाही, बंदुकांत गोळ्या नाहीत. मांडीवर नकाशा ठेवून खालचे रूळ आणि नद्या बघत जायचं.

डिलिस नावाची वेल्श मुलगी तिच्याच खोलीत राहायची. एका दुपारी डिलिसचं विमान जमिनीवरून उठलं आणि इंजिन बंद पडलं. विमान कुंपणावर आदळून उलटं झालं आणि पेटलं. उना धावत पोचली. वैमानिकाच्या डोक्यावरची सरकती काच अडकली होती. आत उलटी लटकलेली डिलिस त्या काचेवर मुठी आपटत होती. उनानं तापलेल्या पत्र्यात हात घालून काच ओढायला सुरुवात केली.

"तिचे केस पेटताना पाहिले मी," उना म्हणाली. "मग दोघांनी मला मागे खेचलं. त्यातल्या एकाला मी रक्त येईपर्यंत चावले."

हात बरे झाल्यावर ती पुन्हा विमानात बसली.

युद्ध संपल्यावर वडील वारले, म्हणून ती आयर्लंडला, क्लेअरमधल्या घरी गेली. तिथे थोरला भाऊ लॉर्कन होता. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात त्यांच्या काकांना ब्रिटिश शिपायांनी घराच्या दारात गोळ्या घातल्या होत्या. पुढे लॉर्कननं ब्रिटिशांविरुद्ध बंदूक उचलली आणि युद्धाची वर्षं तुरुंगात काढली. बहिणीनं मात्र त्याच ब्रिटिशांचा गणवेश घातला होता. वडिलांना पुरून आल्यावर स्वयंपाकघरात शब्दानं शब्द वाढला. त्यानं चुलीतली लोखंडी सळई उचलून तिच्या तोंडावर हाणली. जबडा मोडला. ती चुलीपाशी पडली, हाताला कोळशाचं फावडं लागलं, आणि उठता उठता तिनं ते त्याच्या चेहऱ्यावर मारलं. त्याचा उजवा डोळा गेला. शेजाऱ्यांनी दोघांना ओढून वेगळं केलं.

ती डब्लिनला आली, एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून राहिली. साठाहून जास्त वर्षं भावाशी बोलली नाही.

२०१२ च्या वसंतात जवळच्याच ब्युमॉन्टमधल्या एका नर्सिंग होममधून फोन आला. लॉर्कन शेवटचे दिवस मोजत होता आणि तिला बोलावत होता. उना आधी नाही म्हणाली. काही दिवसांनी मला म्हणाली, "शोभना, गाडी काढ."

लॉर्कन उशांना टेकून बसला होता.

"आलीस तर," तो म्हणाला.

"मरतोयस म्हणे."

"हो. पण तुला मारल्याचं मला वाईट वाटत नाही."

"मलाही नाही."

मला वाटलं, ती आता उठेल. पण तो म्हणाला, "ती जळलेली मुलगी. आई सांगायची. ओरडत होती का ती?"

"शेवटपर्यंत."

त्यानं मान भिंतीकडे वळवली. "काका लगेच मेले नाहीत, उना. तू पाळण्यात होतीस. आईनं मला टेबलाखाली दाबून धरलं होतं. ते दारात पडून पाणी मागत होते, आणि शिपाई कोणाला जाऊ देत नव्हते. मी हे कोणाला सांगितलं नाही."

उनानं मला खुर्ची पलंगाजवळ सरकवायला सांगितली. "मला सांग," ती म्हणाली. "सगळं सांग."

त्यानंतर ती मला रोज तिथे न्यायला लावायची. दोघं भांडायचीही, एकदा नर्सला मध्ये पडावं लागलं. जूनमध्ये तो गेला. दफनाला उना गेली नाही. त्या सकाळी तिनं माझ्याकडून केस धुऊन घेतले आणि दुपारभर गाढ झोपली.