सेम्बावांगमध्ये पडलेला बर्फ

माझ्या कादंबरीतला पहिला बर्फ मी कालथ्याने खरवडून काढला. सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाचा एक जुना फ्रीज होता आणि त्याच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशव्यांभोवती बर्फाचा थर साचायचा. तो मी ताटलीत घेतला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने त्याच्यासमोर बसले. बर्फ जवळून कसा दिसतो, मुठीत धरला की काय होतं, वितळताना आवाज येतो का, हे सगळं मला जाणून घ्यायचं होतं. हाताला मटारचा वास लागला. तेवढा सोडून बाकी सगळं मी पहिल्या प्रकरणात घातलं.

"आई, दॅट्स नॉट स्नो," माझी तेरा वर्षांची मुलगी इरा म्हणाली. "दॅट्स जस्ट डर्टी फ्रीजर लाह." वाक्याला 'लाह' जोडायची सवय तिला इथल्या शाळेत लागली होती.

मी तिला सांगितलं की लेखकाला कल्पनाशक्ती असते. तिने ताटली सिंकमध्ये ओतली, कारण तिला टेबलावर बसून मॅगी खायची होती.

ही २०१४च्या जूनची गोष्ट. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती, शाळांना सुट्टी होती आणि मी, नीता, वय वर्षं बेचाळीस, घरात हिवाळा तयार करत होते. पुण्यात मी कॉलेजात मराठी शिकवायचे. शैलेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तांजोंग पगारमधल्या एका कंपनीत नोकरी मिळाली आणि आम्ही इथे आलो. तो एम्प्लॉयमेंट पासवर, मी डिपेंडंट पासवर. त्या शब्दाचा अर्थ मराठीच्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. इथल्या मराठी मंडळींत कुणी विचारायचं, "मग तू दिवसभर करतेस काय?" मी म्हणायचे, "लिहिते." त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "अरे वा! आणि बाकी?"

माझ्या दोन कथा दिवाळी अंकांत आल्या होत्या. त्यातली एक वाचून पुण्याच्या एका छोट्या प्रकाशनसंस्थेच्या संपादक सुरेखाताईंनी मला कळवलं होतं की कादंबरी लिहीत असाल तर जानेवारीअखेर पाठवा, बघू. हे 'बघू' मी करारच समजले आणि सगळ्या सिंगापूरला सांगून मोकळी झाले. शिवाय जोशात जाहीर केलं की कादंबरी नाकारली गेली तर लिहिण्याचं खूळ सोडून देईन आणि मार्चपासून बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सला बसेन. माझ्या मैत्रिणीने, मीनलने, लगेच तिथे माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला. कोर्स चांगला होता. मलाच लहान मुलांची भीती वाटते. पण खरी भीती वेगळी होती. एका तरी माणसाने माझं लिहिलेलं वाचावं आणि नंतर 'आणि बाकी?' असं विचारू नये, एवढंच मला हवं होतं. ते झालं नसतं तर मी दिवसभर काय करते याचं उत्तर माझ्यापाशीही उरलं नसतं.

कादंबरी होती मृदुलेची. नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशातल्या एका बर्फाळ गावात येऊन पडलेली, घरात बसून लिहिणारी मराठी बाई. मग ती सेम्बावांगमध्ये का नाही, असं कुणीही विचारेल. पण इथे लिफ्टने खाली उतरलं की कॉफी-जेवणाचं गजबजलेलं कोपिटियाम, समोर बसस्टॉप, वर्षभर हिरवीगार झाडं. अशा ठिकाणी एकटी पडलेली बाई वाचकाला पटणार कशी? माझ्या मते खऱ्या दुःखाला बर्फच लागतो. शिवाय बर्फात कादंबरीला एक वजन येतं, असं मला वाटायचं. मी बर्फ कधीच पाहिला नव्हता, ही बाब मला किरकोळ वाटली.

मग मी अभ्यासाला लागले. लायब्ररीतून थंड प्रदेशांवरची पुस्तकं आणली आणि खुणा करत वाचली. हॉलमधला एसी सतरावर लावला, मोजे घातले, शाल घेतली आणि काचेतून पावसाकडे बघत 'बाहेर हिमवर्षाव होत होता' असं लिहिलं. ऑर्चर्ड रोडच्या एका मॉलपुढे नाताळानिमित्त संध्याकाळी खोटा बर्फ पाडतात म्हणून कळलं, तेव्हा तिथेही जाऊन आले. तो साबणाचा फेस निघाला. मी वर बघत, डोळे उघडे ठेवून निरीक्षण करत होते, त्यामुळे परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझे दोन्ही डोळे लाल होते. शेजारी बसलेल्या मावशींनी न बोलता मला टिश्यूचं पाकीट दिलं.

या सगळ्यात शैलेंद्र देवासारखा वागला. शनिवार-रविवारी तो इराला पोहायला घेऊन जायचा, परत आला की दार आवाज न करता लावायचा, चहा करून माझ्या कोपराशी ठेवायचा आणि चवड्यांवर चालत निघून जायचा. कधी डोकं खाल्लं नाही, कधी एक प्रश्न विचारला नाही. मैत्रिणींना माझा हेवा वाटायचा. मलाही तो इतका सोयीचा वाटला की मृदुलेच्या नवऱ्याच्या जागी मी त्याला जसाच्या तसा उचलून ठेवला. फक्त चष्मा काढून घेतला.

जानेवारीत एका रविवारी शैलेंद्रचा मित्र मुकुल जेवायला आला. तो इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करत होता आणि त्याआधी कॅनडात पीएचडीसाठी बरेच हिवाळे काढून आला होता. बर्फातला खरा माणूस घरात आलाय म्हटल्यावर मी त्याच्या पानात जास्तीच्या दोन पुरणपोळ्या वाढल्या आणि जेवण झाल्यावर पहिली तीन प्रकरणं त्याच्या हातात दिली. शैलेंद्र आणि इरा खाली गेले होते. मुकुल सोफ्यावर वाचत बसला आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बसले. दुसऱ्या प्रकरणात तो थांबला. परत मागे गेला. पुन्हा पुढे आला.

"वहिनी, एक विचारू? ही मृदुला बाहेरून घरात आली की स्वेटर का घालते?"

"म्हणजे काय? थंडी असते म्हणून."

"आणि बाहेर पडताना काढून बॅगेत ठेवते."

"मग बाहेर कशाला लागतो..." म्हणता म्हणता माझं लक्ष स्वतःच्या अंगावरच्या शालीकडे गेलं.

मुकुलने फार सांभाळून घेतलं. तो म्हणाला, "तिथे घरात हीटर असतो. आम्ही आत टी-शर्टवर बसायचो आणि बाहेर जाताना अंगावर सगळं कपाट चढवायचो." मग त्याने पान उलटलं आणि त्याचा धीर सुटला. "वहिनी, इथे तिला हुडहुडी भरते म्हणून ती खिडकी उघडते. बाहेर उणे वीस आहे!"

तो हसत सुटला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार? सिंगापूरमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला थंडी म्हणजे आतला एसी आणि ऊब म्हणजे बाहेर. ऑफिसात जाताना स्वेटर, सिनेमाला शाल, एमआरटीत जाकीट आणि रस्त्यावर आलं की सगळं काढून काखेत. माझ्या कादंबरीत अख्खं बर्फाळ गाव हेच करत होतं. पोस्टमन दारात उभा राहून घाम पुसत होता. मुकुल गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले, ते मात्र खरं होतं.

पुढचे दिवस मी तीनशे पानं उपसून लोकांचे कपडे बदलत होते. एकाला आत आणायचं, त्याचा कोट उतरवायचा, दुसरीला बाहेर काढायचं, तिला टोपी घालायची. कपड्यांच्या दुकानातल्या बाईला मालकाने सगळ्या बाहुल्यांचे कपडे एकाच दिवशी बदलायला सांगावेत, तसं झालं. खिडक्या बंद केल्या. पोस्टमनचा घाम टिपला. जानेवारी संपता संपता हस्तलिखित पुण्याला पाठवलं आणि नंतर मीनलचा फोन उचलेनाशी झाले.

सुरेखाताईंचा फोन आला तो फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी. इरा मैत्रिणीकडे गेली होती. शैलेंद्र स्वयंपाकघरात कांदे चिरत होता. मी फोन घेऊन बेडरूममध्ये गेले आणि पलंगावर बसले.

"नीताताई, वाचली," त्या म्हणाल्या. "बर्फ फार सुरेख उतरलाय. अगदी जगलेला वाटतो."

मी आभार मानले. अशा वेळी प्रामाणिकपणा मला सुचत नाही.

"बाई पण खरी आहे. मला छापायची इच्छा आहे. पण नवरा पटत नाही हो."

"नवरा?"

"इतका भला माणूस. चहा आणतो, मुलीला सांभाळतो, दार हळू लावतो. बायको वर्षभर घरात बसून लिहितेय आणि तीनशे पानांत त्याने एकदाही विचारलं नाही की तू काय लिहितेस. का नाही विचारलं? त्याला पडलेली नाही, की आणखी काही आहे? वाचकाला ते कळायला हवं. तुम्हाला माहीत असेल, तुम्ही लिहिलेलं नाहीये फक्त. फेब्रुवारी संपायच्या आत तेवढं लिहून द्या, मग आपण पुढे जाऊ. ते जमलं नाही, तर मात्र मला घेता येणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. मला माहीत नव्हतं. बर्फाविषयी मी चोवीस पुस्तकं वाचली असतील, पण ज्या माणसाबरोबर सोळा वर्षं संसार केला त्याच्याविषयी मला एवढं साधं उत्तर ठाऊक नव्हतं. शिवाय त्याने विचारलं नाही, याचं मला वाईट वाटत होतं हेही त्याच क्षणी कळलं. मैत्रिणींपुढे मी त्याची शेखी मिरवत होते आणि आतून मला फार वाईट वाटत होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. "शैलेंद्र, तू मला कधीच विचारलं नाहीस."

"काय?"

"मी काय लिहिते ते."

त्याने सुरी खाली ठेवली. कांद्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळेना.

"घाबरायचो," तो म्हणाला.

"मला?"

"नाही गं. मला वाटायचं, ते माझ्याबद्दल असणार. तुला तुझ्या कॉलेजातून उचलून इथे आणून बसवलं, त्याबद्दल. मी विचारलं असतं आणि तू सांगितलं असतंस, तर मग मला काहीतरी करावं लागलं असतं. काय करायचं ते मला सुचलं नसतं. चहा करता येतो, म्हणून चहा करायचो."

मला रडू आलं. हुंदका आला, नाक वाहायला लागलं, सगळं आलं. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या हुंदक्याच्या अधेमधे माझ्या मनात हेही येत होतं की चहाचं वाक्य अकराव्या प्रकरणात चपखल बसेल.

"कशाबद्दल आहे ती?" त्याने हात पुसत विचारलं. आता एकदा विचारायला लागल्यावर त्याला थांबवत नव्हतं. "कोण आहे त्यात?"

"एक बाई आहे. परदेशात एकटी पडलेली."

"आणि शेवटी? परत जाते का?"

"जाते," मी म्हटलं.

"एकटीच?"

पुण्याला पाठवलेल्या पानांत ती एकटीच विमानात बसते. नवरा ऑफिसात असतो. ते पान लिहिताना मला स्वतःचा इतका अभिमान वाटला होता की मी ते आरशासमोर मोठ्याने वाचलं होतं. आता तो माणूस माझ्यासमोर ओल्या हातांनी उभा होता आणि त्या पानावर माझ्या बाईने त्याला निघताना हाकसुद्धा मारली नव्हती.

"तसंच लिहिलं होतं," मी म्हटलं. "पण तेव्हा मी तिला काही विचारलं नव्हतं आणि त्यालाही नाही."

"मग?"

"मग तू बस इथे. पहिल्या पानापासून वाचून दाखवते."

त्याने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसला. दुसऱ्या पानावर मृदुलेचा नवरा कप घेऊन चवड्यांवर चालत येतो. तिथे त्याने हात वर करून मला थांबवलं.

"हा," तो म्हणाला, "बोलत का नाही गं?"