केसरीनाथची पडघ्याची गोष्ट

पूर्ण्याच्या गोदामांतून टेम्पो भरून नेणाऱ्या केसरीनाथकडे गोष्ट एकच होती, पण ती तो वीस वर्षं पुरवून पुरवून सांगत आला होता. नात्यात कुणाचीही हळद असो, मांडवात खुर्ची ओढून तो बसला की पोरं म्हणायची, "काका, पडघ्याची सांग." मग काय! कमळ पडघ्याच्या बाजारात भाजी विकायला यायची, हा समोर टेम्पो लावून उभा. ती घरी निघाली की हा मागेमागे, थेट गावाच्या वेशीपर्यंत. असे सहा महिने, आणि शेवटी पोरगी पटली. गोष्ट सुरू झाली की त्याची बायको, म्हणजे हीच कमळ, चहा बघायला उठून जायची. "लाजते अजून," केसरीनाथ डोळे मिचकावून म्हणायचा. माणूस भला, फक्त स्वतःवर जरा जास्तच खूश.

त्या रविवारी संध्याकाळी त्याच्या पुतण्याची, सागरची, हळद होती. दुपारी जेवून घरातली तिघं आडवी झाली आणि अकरावीतल्या लेकीने, रुचिकाने, उशीला मोबाइल टेकवून पिक्चर लावला. कॉलेजातला एक पोरगा एका पोरीपायी पार वेडा झालेला. ती कुठल्या बसला चढते, कुणाशी हसते, सगळं वहीत लिहून ठेवायचा. ती नको म्हणाली तसा आणखीच चेकाळला आणि तिला गच्चीवरच्या खोलीत कोंडून मोकळा झाला.

"कानफटात द्यायला पायजे याच्या," केसरीनाथ उठून बसला.

"बाबा, तू पण आईच्या मागंमागं जायचास ना?" रुचिका सहज बोलून गेली.

केसरीनाथ हसला. कमळ हसली नाही. ते बघून तो तिच्याकडे वळला.

"कमळ, तुला भीती वाटायची?"

"वाटायची ना. भाजीच्या टोपलीत कोयता ठेवायची मी."

त्याचा चेहरा पार उतरला. इतकी वर्षं आपण मिरवत होतो ते काय, असं त्याला झालं. "मग लगीन का केलंस?"

"भर बाजारात मी तुला झापलं व्हतं, आठवतंय? माझ्या मागं येऊ नको म्हटलं. दुसऱ्या दिवसापास्नं तू आलास न्हाय. टेम्पो पण लांबच्या रस्त्याने न्यायचास. महिन्यानं तुझा चुलता रीतसर विचारायला आला, तवा मी हो बोलली." ती थांबली. "त्येवढंच तू कवा सांगत न्हायस."

कसं सांगणार? बाजारात बाईमाणसाकडून बोलणी खाल्ली, ही त्याच्या लेखी नाचक्की होती.

संध्याकाळी मांडवात गाणी थांबली आणि नवऱ्या मुलाला हळद लावून झाली, तशी पोरांनी खुर्ची पुढे सरकवलीच. "काका, पडघ्याची!"

केसरीनाथने कपाळाचा घाम पुसला. मग त्याने सगळं सांगितलं, कोयत्यापासून बाजारात खाल्लेल्या बोलण्यांपर्यंत. कोयता ऐकून पोरं खो खो हसली.

"हसू नका रे," तो म्हणाला. "ती घाबरलेली व्हती, आन मला कळलं न्हाय. नको बोलली तवा मी थांबलो, म्हणून ती माझ्या घरात हाय."

मग चुलता रीतसर विचारायला गेला, ते तो सांगू लागला. आतून कुणीतरी हाक मारली, "कमळ, चहा उतू चाललाय गं!"

"बघा कुणीतरी," हळदीचे हात मांडीवर ठेवून कमळ म्हणाली, आणि गोष्ट संपेपर्यंत जागची हलली नाही.