ड्रायव्हर गाडीतच थांबेल

उमरीत जलीलभाई ड्रायव्हर कुठं राहतात, हे कुणालाही विचारा, पोर घरापर्यंत आणून सोडेल. एसटीची लाल गाडी त्यांनी उमरभर हाकली. किनवटच्या जंगलातल्या वळणांवरसुद्धा गाडी कधी रस्त्याच्या खाली उतरली नाही याचा त्यांना अभिमान आहे, आणि तो ते कुणापासून लपवून ठेवत नाहीत. शाळांच्या सहली तर त्यांनी सगळीकडं नेल्या. वेरूळ म्हणा, बीदरचा किल्ला म्हणा, हैदराबाद म्हणा. गाडी कुठं लावायची, दुपारची सावली कोणत्या बाजूला येते, चहा कुणाकडचा बरा, हे ते झोपेतही सांगतील. आत काय आहे ते मात्र विचारू नका. आत ते कधी गेलेच नाहीत.

त्यांची बायको अमीरबी नेमकी उलटी. किनवटकडच्या खेड्यात वाढलेली, नजर चौकस, सगळं बघायची हौस, आणि सारा जन्म गेला चूल, पोरं अन् शिलाई मशीन यांच्यात. नवरा सहलीवरून आला की ती विचारायची, काय काय पाहिलं. नवरा सांगायचा, येताना नायगावपाशी ट्रक आडवा झाला होता. घरात दोघं दखनीत बोलत, पण अमीरबीला राग आला की ती मराठीत यायची. नायगावच्या ट्रकांपायी ती पुष्कळ वेळा मराठीत आली आहे.

जलीलभाई रिटायर झाले आणि सून बुशरानं नांदेडला नव्यानं उघडलेल्या एका संग्रहालयाचं घरभराचं सभासदत्व घेतलं. एका कार्डावर सगळं कुटुंब, वर्षभर कधीही जा, कितीदाही जा. बुशरा उमरीतच शाळेत शिकवते, तिला असल्या गोष्टी बरोबर कळतात. जलीलभाईंनी लगेच मान डोलावली. जुनी व्हॅन दारात उभी होतीच. रविवारी सगळ्यांना बसवलं, संग्रहालयाच्या दारात उतरवलं, व्हॅन कडुलिंबाखाली लावली आणि पेपर उघडला.

पहिल्या वेळी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वेळी मुनीबनं बापाला हाक मारली. गाडी अशी सोडून येता येत नाही, असं उत्तर आलं. पुढच्या खेपांनाही तेच. कार्डावर जलीलभाईंचं नाव होतं, दाढी नीट करून काढलेला फोटोही होता. तो फोटो आत जायचा आणि माणूस बाहेर बसायचा.

बाकीच्यांनी मात्र कार्ड पुरेपूर वसूल केलं. अलीझा, म्हणजे नात, सभासदांच्या मुलांसाठी मातीकामाचा वर्ग असे त्यात कोपरापर्यंत बरबटून यायची. मुनीबला सभासदांच्या खोलीतला चहा आवडला. बुशरा पुस्तकांत बुडायची. आणि अमीरबीला सापडली दगडाची बाई.

मागच्या दालनात, खिडकीजवळ, एका पडक्या देवळातून आणलेली ती मूर्ती होती. एक पाय गुडघ्यावर घेतलेला, मान खाली, बोटं तळव्याशी. पायातला काटा काढत होती. एका हाताचं कोपर तुटलेलं, तरी काम चालूच. अमीरबीचं अर्धं बालपण पायात काटे मोडून घेण्यात गेलेलं. तिला ती बाई आपल्याच गल्लीतली वाटली. सभासदांना घडीचं स्टूल मिळायचं. गुडघे दुखतात म्हणून ती ते घेऊन समोर बसायची. तिकीट वाया जाईल ही धास्ती नाही, पुढं चला म्हणणारं कुणी नाही. एवढं सुख तिनं आयुष्यात घेतलं नव्हतं.

बाहेर येऊन ती नवऱ्याला सांगायची, काटा कसा दिसत नाही पण दुखणं कसं दिसतं. जलीलभाई आरशात बघत व्हॅन मागं घेत विचारायचे, आत आज गर्दी होती का. अमीरबीच्या जिवाला ते लागायचं. एकटीनं बघण्यात काय मजा? तिला हा माणूस शेजारी हवा होता. बस, एवढंच हवं होतं, आणि तेवढंच मिळत नव्हतं. पण हातपाय गाळणाऱ्यांतली ती नव्हे. कार्डाचं वर्ष संपायच्या आत ह्याला त्या बाईपुढं उभा करीन, असं तिनं ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी सकाळीच मुनीब व्हॅन घेऊन धर्माबादला गेला. कुणाचं तरी सामान आणायचं होतं म्हणे. बाकीचे रेल्वेनं निघाले. ब्रेक लागला की जलीलभाईंचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा, आणि इंजिनवाल्याला काही कळत नाही असं ते डब्याला ऐकवत होते.

संग्रहालयाच्या दारात मात्र ते चाचपडले. राखायला गाडीच नव्हती. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि जेवणाच्या डब्याची पिशवी ताब्यात घेतली. ही बघायला कुणीतरी पाहिजे. बुशरानं पिशवी उचलून सभासदांच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं. मग किल्ली सांभाळायला कुणीतरी पाहिजे, असं म्हणून जलीलभाई पायरीवर बसले. बुशरानं सासूकडं पाहिलं आणि अलीझाला घेऊन शहाण्यासारखी आत गेली.

अमीरबी मराठीत आली.

"काय राखून राहिले तुमी? गाडी न्हाई, डबा न्हाई. आता काय ह्या पायऱ्या कुणी घेऊन जाईल?"

जलीलभाई किल्ली बोटांत फिरवत राहिले. मग खाली बघूनच बोलले. नोकरीत नवे असताना, एका सहलीत, खाकी कपड्यांत ते पोरांच्या मागं आत निघाले होते. बरोबरच्या मास्तरांनी दारातच सगळ्यांसमोर सांगितलं, ड्रायव्हर गाडीतच थांबेल. पोरं हसली. "त्यायचं बी बरोबरच होतं," ते म्हणाले, "गाडी राखायला पाहिजेच. पन मंग मी पुन्हा कुठं आत गेलोच न्हाई. आता ह्या वयात काय कळनार मला त्यातलं?"

इतक्या वर्षांत हे तिला त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. नायगावच्या ट्रकांवर ती किती चिडली होती, ते आठवून अमीरबीला भरून आलं. पण रडायला ती आली नव्हती.

"मला तरी काय कळतंय?" ती म्हणाली. "मी नुसती बघते. साऱ्या दुनियेला दाखवायला नेलं तुमी. मी कुनासंग बघू, सांगा."

जलीलभाईंनी किल्ली खिशात टाकली. मग ते उठले. दारावरच्या मुलीनं कार्ड पाहिलं, फोटो पाहिला, या काका म्हणाली. ते आत आले, आणि उगाच सदरा खाली ओढला. अमीरबी पुढं, ते मागं, असे दोघं मागच्या दालनात पोचले.

"ही," एवढंच ती म्हणाली. शिकवायचं काही नाही, असं तिनं वाटेतच ठरवलं होतं.

जलीलभाईंनी मूर्ती खालून वर पाहिली, मग बाजूला जाऊन पाहिली. अमीरबीला धाकधूक होती की आता हा माणूस म्हणेल, झालं का, चला. ते वाकून तिच्या तळपायाकडं बघत राहिले.

"लांबून चालत आली आसंल," शेवटी ते हळूच म्हणाले. "आन् काटा भरला तवा जवळ कुणी न्हवतं बघ. एकलीच काढून राहिली."

इतक्या रविवारांत अमीरबीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तिनं पदर डोळ्यांना लावला. जलीलभाईंनी तिच्याकडं पाहिलं, मूर्तीकडं पाहिलं, आणि भिंतीला टेकवलेलं स्टूल उघडून तिच्यापाशी ठेवलं. ती बसली. ते शेजारी उभे राहिले.

अलीझा माती लागलेले हात पुढं धरून पळत आली. आजोबा आत आले म्हणून तिला कोण आनंद झालेला. माझं मडकं बघायला लगेच चला, म्हणू लागली.

"तू हो म्होरं," जलीलभाई म्हणाले. "आमी दोघं बघून राहिलो."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दोघांनी मिळून बघितलेली ही पहिलीच गोष्ट होती.