सुकेशनीचा डावा अंगठा

आमच्या सुकेशनीला लिहिण्याआधी पुसायला आलं. खुलताबादच्या माळावर मेंढरं चारता चारता मीच तिला पाटीवर अक्षरं शिकवली. उजव्या हातात पेन्सिल. चुकलं, की डाव्या अंगठ्याला थुंकी लावून पुसायचं. आमच्या गावच्या शाळेत मी तसंच शिकलो. एकदा तर मेंढरू पाटी चाटून गेलं अन् माझा सगळा पाढा गेला, पण ते राहू द्या.

आता ही नात संभाजीनगरात चित्रकलेच्या कॉलेजात. समोर माणूस बसवतात, त्याला बघून कोळशानं काढायचं. हिची रेघ जरा वाकडी गेली, की अंगठा पुढं! कागद काळा, मग पातळ, मग भोक. तिच्या राजनंदिनी मॅडम म्हणायच्या, "चुकलेली रेघ राहू दे. तिच्याकडं बघूनच शेजारची बरोबर येते." पोरीला कळायचं, अंगठ्याला नाय. या विषयात ती एकदा नापास झालेली. पुन्हा झाली, तर कॉलेज सुटणार.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी क्रांती चौकामागच्या तिच्या खोलीवर गेलो. तिनं माझं चित्र काढावं म्हणून काठीवर हनुवटी टेकून उभा राहिलो. धनगराला त्यात काय अवघड? अवघड होतं ते गप्प राहणं.

"आबा, हलू नका ना!"

"हललो कुठं? तोंडच तेवढं चालू हाय. तर तो लांडगा..."

"लांडगा गेला चुलीत! नाक सरकलं तुमचं."

अन् अंगठा गेलाच. नाकाच्या जागी भोक. कागद चुरगाळून पोरगी खाली बसली. "मला नाय जमत, आबा. घरी न्या. मेंढरं राखते मी." डोळे पुसता पुसता तोंड काळं करून घेतलं. मला लांडग्याचं पुढचं आठवेना.

मग तिनंच हात पुढं केला. "बांधा हा अंगठा."

अंगठा धुतला, पटक्याची चिंधी फाडून करकचून बांधला.

परीक्षेला तशीच गेली. मी फाटकापाशी चहावाल्याला लांडगा ऐकवत होतो, पण माझंच ध्यान नव्हतं. बाहेर आली ती हमसतच. "समोरच्या म्हाताऱ्याला तीन नाकं झाली, आबा. सगळी तशीच ठेवून आले."

चिंधी सोडली. अंगठा घामानं पांढराफटक, चिंधीवर काळा ठिपका नाय.

पास झाली हो! तो कागद नंतर मॅडमकडून मागून आणून घरात टांगलाय. येईल त्याला विचारतो, यातलं खरं नाक कोणतं? अजून कुणी चुकलं नाय.